टेप बेंबीवरून धर

पेण, ५ जानेवारी

दादा,

शाळेत शिकवलेला मायना आधी लिहिला होता. मग वाटलं, तुला तो वाचून हसू येईल, म्हणून कागद बदलला.

हे पत्र निडीचा प्रविण घेऊन येतोय. तुझ्या खोलीत राहणारा माणूस आमच्याच लॅबमध्ये रक्त द्यायला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. सुट्टी संपवून पोलंडला परत जायच्या आधी त्याला काही तपासण्या करायच्या होत्या. मी नळीवर त्याचं नाव लिहीत होतो आणि तो माझ्या खिशावरचा बिल्ला वाचत होता.

"मोकल? नितेश मोकल तुझा कोण रं?"

मी म्हटलं, भाऊ.

"तरीच. तोंड तर त्याचाच हाय, फक्त घाबरलेला."

तुला माहीत नसेल. बारावी माझी राहिलीच, तेव्हापासून मी रोह्याला या लॅबमध्ये आहे. सुई टोचायचं काम दिपिका करते. मी नळ्यांवर नावं, वय आणि वेळ लिहितो. एक काना इकडचा तिकडे झाला तर एकाची साखर दुसऱ्याच्या घरी जाते, म्हणून मी प्रत्येक नाव माणसाकडून दोनदा वदवून घेतो. दिपिका मला हेडमास्तर म्हणते. प्रविण त्याचं नाव पहिली वेलांटी देऊन लिहितो. मी दुसरी सुचवून बघितली. तो म्हणाला, आधारवर पहिली आहे, पासपोर्टवर कोण बघतो.

आई बरी आहे. सध्या हमरापूरला एका कारखान्यात गणपतींना रंग द्यायला जाते. मूर्तींचे पितांबर रंगवायचं काम तिच्याकडे आहे. संध्याकाळी घरी येते तेव्हा नखं पिवळी असतात.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. प्रविण सहज बोलता बोलता म्हणाला, "तुझा दादा यार्डात जहाजाची शिडी चढताना मधेच बसतो. म्हणतो गॅस झालाय. खिशात चघळायच्या गोळ्या असतात, चणे-शेंगदाण्यागत खातो." तो हसला. दिपिकापण हसली. मला नाही हसता आलं.

दादा, यार्डाच्या दवाखान्यात जाऊन एकदा छातीची पट्टी काढ. ईसीजी म्हटलं की त्यांना कळेल. रक्तातली साखर आणि चरबीपण बघून घे. बाबांचं मी इथे काही लिहीत नाही.

तू फोन उचलत नाहीस याचा मला राग नाही. पण पत्र फेकून द्यायचं तरी हातात घ्यावं लागतं, म्हणून पत्र.

धनेश

ता. क. : मी लिहितोय हे आईला माहीत नाही.


पेण, १ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या उत्तराचा फोटो प्रविणने पाठवला. यापुढे असंच करू. मी लिहून फोटो पाठवीन, तो तिकडे ऑफिसात कागदावर काढून तुला देईल. तो म्हणाला, छापायचे पैसे म्हणून त्याला सुकट पाठवायची.

तुझं अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे कललेलं. मी ते पत्र खूप वेळा वाचलं. "धन्या, मी ठणठणीत आहे. आमचा इथला फोरमन एकशे वीस किलोचा आहे, सकाळी उठून डुकराचं मांस खातो आणि एकटा पाइप उचलतो. मी सदुसष्ट किलो. दवाखान्याच्या भिंतीवर तक्ता आहे, पुरुषाची कंबर १०२ सेंटिमीटरपर्यंत चालते. मी प्रविणचा टेप लावून मोजली. ८८ भरली. तुझ्या लॅबला सांग, दुसरं गिऱ्हाईक बघा."

गिऱ्हाईकाचं वाचून मला बरं वाटलं. तू चिडवतोस म्हणजे फार रागावलेला नाहीस.

पण दादा, तो तक्ता तुझा नाही.

हे मी माझ्या डोक्यातून लिहीत नाही. आमच्या लॅबच्या डॉक्टर मृणाली मॅडम यांनी मागच्या रविवारी आपल्याच गावात गावदेवीच्या मंडपात पुरुषांचं शिबिर घेतलं. मी आदल्या दिवशी त्यांना तुझ्या फोरमनचं सांगितलं. विचारलं, तो एवढा जाड असून काही होत नाही, मग बारीक माणसाने का घाबरायचं? मॅडम म्हणाल्या, त्या लोकांच्या कातडीखाली चरबी ठेवायला पुष्कळ जागा असते. आपल्या पुरुषांची ती जागा लवकर भरते. मग चरबी आत जाते, आतड्यांभोवती, यकृतात. हातपाय काटक्या राहतात आणि पोट तेवढं पुढे येतं. म्हणून त्यांचा १०२ आपल्याला लावायचा नाही. आपला ९०. त्या म्हणाल्या, त्या फोरमनलाही धोका आहेच, पण आपल्याकडे तो कमी वजनावर येतो आणि दहा-दहा वर्षं आधी येतो. मी विचारलं, हे आगऱ्यांचंच का? त्या हसल्या. म्हणाल्या, आगरी, कुणबी, मारवाडी, पंजाबी, रोह्याचे मुसलमान, सगळे एका माळेत. ज्यांचे आजोबा लंडनला जाऊन राहिले त्यांचंसुद्धा असंच.

तू म्हणशील, मग माझा ८८, नव्वदच्या आत. विषय संपला. मलाही तसंच वाटलं होतं. पण शिबिरात एक गोष्ट झाली ती ऐक.

पुरुष मॅडमसमोर शर्ट वर करायला लाजत होते, म्हणून मॅडमनी टेप माझ्या हातात दिली. मी मोजत गेलो आणि कागदावर लिहीत गेलो. चौऱ्याऐंशी, सत्त्याऐंशी, पंच्याऐंशी. मॅडमनी कागद बघितला, मग माणसं बघितली. म्हणाल्या, "धनेश, तुमचं गाव फारच सडपातळ आहे. टेप कुठे धरतोस?"

तेवढ्यात जनूकाकांचा नंबर आला. मी त्यांच्या लुंगीच्या गाठीखाली करगोटा चाचपला आणि त्याच्यावरून टेप फिरवली.

मॅडम म्हणाल्या, "ही कंबर?"

"मंग काय ही मान हाय?" जनूकाका म्हणाले. "बाराव्या दिवशी आईशीनं करगोटा बांधला, तवापासून हीच कंबर."

दादा, मला तिथेच माझी चूक कळली. आपल्याला कंबर दाखव म्हटलं की बोट करगोट्यावर जातं. आणि पोट सुटलं की करगोटा त्याच्या खाली घसरतो, लुंगीबरोबर. पोट वर मोकळंच राहतं. मी सगळ्या गावाचं माप पोट सोडून घेतलं होतं.

मॅडमनी टेप बेंबीवर आणली. काका श्वास आत ओढून उभे राहिले.

"काका, श्वास सोडा."

"सोडला तर सगळा बाहेर येईल ना!"

मंडपातले सगळे हसले. काकांनी श्वास सोडला. करगोट्यावर शहाऐंशी होते, बेंबीवर सत्त्याण्णव.

"हा पोट वाऱ्याचा हाय," काका म्हणाले. "आणि हार्ट अटॅक शेठ लोकांना व्हतो. मी काय शेठ हाय काय? सगळा जनम मिठाच्या पाट्या उचलल्या."

मॅडम एवढंच म्हणाल्या, "काका, रक्त द्या. मग शेठ कोण ते ठरवू." त्यांची साखर दोनशेच्या वर निघाली. आता ते मला वाटेत गाठतात आणि हळूच विचारतात, "शेठचा भात किती?"

मी सगळ्यांची मापं पुन्हा घेतली. नव्वदच्या आत थोडेच उरले.

तू कुठे धरली होतीस? खरं सांग. तू अजून करगोटा घालतोस हे मी प्रविणला विचारून घेतलंय. पुन्हा मोज. टेप बेंबीवरून धर, श्वास सोडून, सैल उभा राहून. प्रविणला वाचायला सांग, स्वतः वाकून बघू नकोस. वाकलं की आकडा बदलतो.

मागच्या पत्रात एक लिहिलं नव्हतं. मी माझंही रक्त तपासलं. वजन अठ्ठावन्न किलो आणि रक्तातली चरबी हवी त्याच्या दुप्पट. मॅडमनी चालायला लावलंय, भात अर्धा केलाय. आईला मी सांगितलं की लॅबमध्ये चहाबरोबर खाणं होतं, म्हणून भूक नसते. ती म्हणाली, लॅबचा चहा बंद कर.

धनेश


पेण, ४ मार्च

दादा,

तुझी एक ओळ मिळाली. "माझ्या पोटाचा नाद सोड."

नाही सोडत. मी घाबरट आहे हे तूच सगळ्यांना सांगायचास. कुलूप लावून चार वेळा ओढून बघणारा. तो मी अजून तसाच आहे, आणि आता मी तुला ओढून बघतोय.

बाबांचं लिहिणार नव्हतो. पण तू शिडीवर बसतोस आणि गॅस म्हणतोस, तर मला लिहिलं पाहिजे.

त्या संध्याकाळी काय झालं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बाबा मिठागरावरून आले, म्हणाले छातीत जळजळतंय. दुपारी बोंबलाचं कालवण झालं होतं. तू लिंबू पिळून सोडा दिलास. त्यांना ढेकर आला, ते म्हणाले, "आता बरा वाटतो." आडवे झाले. तू पाय चेपत बसलास, आणि ते परत उठलेच नाहीत. मी पलीकडे पुस्तक उघडून बसलो होतो, माझ्या डोळ्यांसमोरच सगळं झालं. नंतर आई आली आणि सगळ्यांसमोर तुला म्हणाली, "तू घरात व्हतास, आणि सोडा पाजलास?" त्यानंतर तू घरात मान वर करून जेवला नाहीस. आधी धाटावच्या कंपनीत लागून खोली घेऊन राहिलास, मग पोलंड.

आता जे तुला माहीत नाही ते.

सकाळी तू मामांना आणायला गेला होतास. बाबांना अंघोळ घालायच्या आधी करगोटा कापतात तो जनूकाकांनी कापला आणि माझ्या हातात दिला, बाजूला ठेव म्हणून. मी सोळा वर्षांचा होतो, मी तो बघत राहिलो. जुन्या दोऱ्याला नवा दोरा जोडलेला होता. एका ठिकाणी नाही, दोन ठिकाणी. एक तुकडा मळून गेलेला आणि एक अजून काळाभोर, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना गाठ.

तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. मला वाटलं तुटला असेल, जोडला असेल. शिबिराच्या दिवशी जनूकाकांच्या पोटावर टेप धरली आणि तो काळाभोर तुकडा डोळ्यांसमोर आला. दादा, तुटलेला दोरा जोडला तर एक गाठ पडते. मध्ये नवा तुकडा घालून वाढवला तर दोन पडतात. बाबांनी दोनदा वाढवला होता. करगोटा पोटाच्या खाली बसतो, तरी दोनदा वाढवावा लागला. म्हणजे वर किती असेल?

पण आपल्याला काय दिसायचं? शिरा उठलेले हात. काटकुळ्या पिंडऱ्या. वर सैल सदरा. गावात कुणी बाबांना जाड म्हटलेलं मी ऐकलं नाही. मिठागरावर त्यांना 'तार' म्हणायचे. तुला काय कळणार होतं? तू चोवीस वर्षांचा होतास. आईला कळलं नाही, जनूकाकांना कळलं नाही, बाबांना स्वतःला कळलं नाही, आणि करगोटा तर तेच वाढवत होते.

हे लिहिण्याआधी मी काल आईशी बोललो. ती अंगणात सुकट निवडत होती. मी तुला पत्रं लिहितो ते सांगितलं. ती निवडत राहिली. मग मी विचारलं, दादाला तू तसं का बोललीस?

तिने विसरल्यासारखं केलं नाही. म्हणाली, "बोलले. त्या घडीला कुणालातरी बोलायचा व्हता. तो जवळ व्हता."

मी म्हटलं, तो अजून तेच धरून बसलाय.

"मंग मी काय सोडून बसलंय?" ती म्हणाली. थोड्या वेळाने सूप खाली ठेवलं. "माझाच पोर, म्हणून बोलले रं. दुसऱ्या कुणाला बोलता आला असता काय? तो गेला तवा मला वाटला, दोन महिन्यांत येल, भांडंल, मी दोन शब्द ऐकंन. तो भांडायला पन आला नाय."

एवढंच. मी एक अक्षर वाढवलेलं नाही.

पुन्हा मोज, दादा. नाहीतर मोजू नकोस, सरळ डॉक्टरकडे जा. त्यांना हे तीन सांग: वडील सेहेचाळीसाव्या वर्षी गेले, मी भारतातला आहे, शिडी चढताना छातीत जळतं आणि बसलं की थांबतं. मॅडमनी मला एवढंच लिहायला सांगितलं. प्रविणला पोलिश येतं, तो बरोबर येईल. मी त्याला विचारलंय.

धनेश


रोहा, १९ मार्च

दादा,

लॅबमधूनच लिहितोय. प्रविणचा फोन आला तेव्हा मी नळीवर नाव लिहीत होतो. अर्धं नाव लिहून थांबलो. दिपिकाने माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

तो म्हणाला, तू माझं पत्र जिन्यात उभा राहून वाचलंस, मग खोलीत येऊन शर्ट वर केलास आणि म्हणालास, "धर रे टेप." नव्व्याण्णव. तू प्रविणला म्हणालास, तुझा टेप खोटा आहे. मग दोघांनी टेप प्रविणच्या पोटाला लावली, तर त्याचा आकडा तुझ्याहून जास्त निघाला, आणि तुम्ही हसत बसलात. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलात. पट्टी काढल्यावर तुला तिथून खोलीवर परत पाठवलंच नाही.

हृदयाची एक नळी पूर्ण बंद झालेली आणि एक होत आलेली. दोन स्प्रिंगा, म्हणजे स्टेंट, टाकल्या. प्रविण हे सगळं असं सांगत होता जसं यार्डातल्या पाइपाचं सांगतोय. शेवटी म्हणाला, "झोपलाय. गोरा डॉक्टर बोलला, आनखी थोडे दिवस शिडी चढला असता तर शिडीवरच राहिला असता."

मी आईला अजून सांगितलेलं नाही. आज संध्याकाळी सांगतो. तू आधी नीट जागा हो.

तुझ्या डॉक्टरला माझा नमस्कार सांग. त्याचं नाव प्रविणला सांगता येईना. नीट विचारून कळव, मला ते बरोबर लिहायचंय.

धनेश


पेण, २७ एप्रिल

दादा,

तुझं लांब पत्र मिळालं. प्रविणने सात फोटो पाठवले, त्यातला एक उलटा.

तू लिहिलंस की डॉक्टरने विचारलं, घरात कुणाला हा त्रास होता का, आणि तू पहिल्यांदा कुणासमोर बाबांचं सगळं सांगितलंस. लिंबू, सोडा, ढेकर, सगळं. प्रविण पोलिशमध्ये सांगत गेला आणि सोड्यापाशी येऊन त्यालाच बोलवेना. मग तू विचारलंस, मी तेव्हा त्यांना उचलून नेलं असतं तर? डॉक्टर म्हणाला, ते मला सांगता येणार नाही. पण तुमच्या स्वतःच्या छातीत आठ महिने हेच दुखत होतं. ते तुमचं स्वतःचं दुखणं, तुम्ही रोज अनुभवत होता, आणि तुम्ही गोळ्या चघळत होता. दुसऱ्या माणसाच्या छातीतलं एका संध्याकाळी तुम्हाला कसं कळावं?

तू लिहिलंस, हे ऐकून मी रडलो, पण हे आईला वाचून दाखवू नकोस.

दादा, मी वाचून दाखवलं. मला वगळून वाचता येत नाही. मी थांबलो तर तिला कळतं.

ती चुलीपाशी पाटावर बसून ऐकत होती. जनूकाका दारात उभे होते. ते मध्येच म्हणाले, "बाप रं, स्प्रिंगा! आता उडत येल घरी." आईने त्यांच्याकडे असं बघितलं की ते अंगणात गेले. डॉक्टरचं बोलणं आलं तेव्हा ती म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. तिने पदराने तोंड पुसलं, डोळे नाही, तोंड. म्हणाली, "शाना मानूस हाय. आई असंल त्याला."

मग तू शेवटी विचारलंयस ते वाचलं. जूनमध्ये रजा मिळते, यायचं की नको.

तिने उठून भाताचं भांडं उतरवलं. मला वाटलं उद्या सांगेल, म्हणून मी कागद घडी करायला लागलो. तेव्हा पाठमोरी म्हणाली, "लिव."

मी पेन घेतलं. ती सांगते तसंच लिहितोय, तिच्याच शब्दांत, आणि शुद्ध करत नाही.

"आई वाट बघतंय असा नको लिवू. तो धावत येल. लिव, हलू हलू ये म्हनावं. बस, थांब, पानी पी, मंग पुढं ये. आम्ही कुटं जात नाय."

धनेश